पिवळा उंदीर आणि मृगाचा किडा

पिकाचू हा ‘पोकेमॉन’ या जपानी खेळमालिकेतला पिवळ्या रंगाचा काल्पनिक प्राणी. खेळाच्या नोंदवहीत त्याचा अनुक्रमांक २५, उंची ४० सेंटिमीटर, वजन ६ किलो आणि जात ‘उंदीर’ अशी दिलेली आहे. कान लांब आणि टोकाला काळे, पाठीवर दोन तपकिरी पट्टे, शेपटी आकाशातल्या विजेच्या रेघेसारखी मोडत गेलेली, आणि दोन्ही गालांवर लाल टिकल्या. या गालांत तो वीज साठवतो आणि वेळ आली की शत्रूवर सोडतो. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ अशा दोन आवृत्त्यांत हा खेळ विक्रीला आला. त्यात एकूण १५१ प्राणी होते आणि पिकाचू त्यांतला एक, एवढेच. पहिल्या जंगलात तो क्वचित भेटे. भेटला नाही तरी खेळ अडत नसे.

खेळाची मूळ कल्पना सातोशी ताजिरी यांची. त्यांचा जन्म १९६५ चा, आणि बालपण टोकियोच्या पश्चिम भागात माचिदा इथे गेले. तेव्हा तिथे भातखाचरे, तळी आणि झाडी शिल्लक होती. किडे पकडण्याच्या नादामुळे सोबत्यांनी त्यांना ‘किड्यांचा डॉक्टर’ असे नाव ठेवले होते. पुढे शहर पसरले, तळी बुजली आणि किड्यांच्या जागी व्हिडिओ गेमची दुकाने आली. दोन गेम बॉय एकमेकांना जोडणारी तार पाहिल्यावर त्या तारेतून एखादा किडा सरपटत पलीकडे जातो आहे, असे ताजिरींना वाटले. पोकेमॉन सुरू झाला तो इथून. काही प्राणी फक्त ‘रेड’मध्ये, काही फक्त ‘ग्रीन’मध्ये ठेवले गेले. सगळे हवे असतील तर शेजारच्या मुलाकडे जाऊन अदलाबदल करण्यावाचून गत्यंतर नाही. १९९० मध्ये हाती घेतलेले हे काम पुरे व्हायला सहा वर्षे लागली आणि तोवर गेम बॉय हे यंत्रच जुने मानले जाऊ लागले होते.

ताजिरींच्या या बालपणाची ओळख धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला वेगळी करून द्यावी लागत नाही. ढोकी हे याच जिल्ह्यातले, तेरणा खोऱ्यातले, साखर कारखान्यामुळे नाव झालेले गाव. या पट्ट्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागते आणि पहिला पाऊस पडून जमीन वाफसली की लालभडक मखमली ‘मृगाचा किडा’ वर येतो. मुले तो रिकाम्या काडेपेटीत, खाली ओली माती आणि वर गवताची दोन पाती घालून ठेवतात. कोणाकडे किती, कोणाचा मोठा, यावर वाद होतात आणि देवघेवही होते. नावात किडा असला तरी त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कोळ्याच्या कुळातला. पावसानंतरचे थोडेच दिवस तो दिसतो, मग पुन्हा मातीत जातो. दुर्मीळ असणे, ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी भेटणे, डबीत मावणे, दुसऱ्याशी बदलता येणे: ताजिरींनी खेळात घातलेले सगळे नियम या काडेपेटीत आधीपासून आहेत.

गोळा करण्याचा नाद लहानपणीच संपतो असेही नाही. ढोकीच्या शेजारी तेर आहे, म्हणजे पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारवर्णनात येणारे तगर. तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यानंतर वर येणारी नाणी, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि प्राणी रामलिंगअप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवले. त्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने आहे. पावसाने धुऊन वर आलेली वस्तू उचलायची, तिच्या जोडीची दुसरी शोधायची, ही रीत काडेपेटीत किडा ठेवणाऱ्या मुलाला ओळखीची वाटावी अशीच आहे.

पिकाचूचे रूप आत्सुको निशिदा यांनी आखले आणि केन सुगिमोरी यांनी त्याला अंतिम घाट दिला. निशिदा यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे पहिले चित्र ‘दाइफुकु’ या तांदळाच्या गोल जपानी मिठाईसारखे होते, फक्त वर कान फुटलेले. गालांची कल्पना खारीवरून आली, कारण खार गालांत खाऊ साठवते. मग याने वीज साठवावी. प्राणी अशा रीतीने खारीवरून निघाला आणि नोंदवहीत मात्र उंदीर झाला. त्यात नावाचा मोठा वाटा दिसतो. जपानीत ‘पिका’ हा लखलखण्याचा शब्द आणि ‘चू’ हा उंदराचा आवाज. मराठीला ही घडण परकी नाही. आपल्याकडे वीज ‘लखलखते’, भांडे ‘चकचकते’ आणि उंदीर ‘चूं चूं’ करतो. म्हणजे नावाचा अर्धा भाग भाषांतराशिवायच मराठी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाने थोडी गंमत होते. शेतकऱ्याच्या कानाला ‘पिकाचू’मध्ये आधी ‘पिकाचा’ ऐकू येते, आणि पिकाचा उंदीर म्हणजे उसाची कांडी कुरतडणारा. ढोकीच्या शिवारात त्याचे कौतुक कोणी करणार नाही. (हिमालयात ‘पिका’ नावाचा सशाच्या कुळातला खराखुरा प्राणी आहे. त्याचे नाव सायबेरियातल्या भाषेतून आलेले आहे. पिकाचूशी त्याचा संबंध नाही.)

आज हजाराच्या वर गेलेल्या पोकेमॉनच्या गोतावळ्यात पुढारीपण पिकाचूकडेच कसे आले, हा यातला सर्वांत रंजक भाग. खेळ करणाऱ्यांनी तो पुढारी म्हणून घडवलेला नव्हता. सुरुवातीच्या जपानी चित्रकथेत ‘क्लेफेरी’ या गुलाबी प्राण्याला मुख्य जागा होती आणि दूरचित्रवाणी मालिकेसाठीही त्याचा विचार झाला होता. निर्मात्यांनी अखेर पिकाचू निवडला, कारण तो मुलांना आधीच आवडू लागला होता आणि पिवळा हा मूळ रंग लांबूनही मुलांच्या नजरेत भरतो. १ एप्रिल १९९७ रोजी मालिका सुरू झाली. नायकाचे जपानी नाव सातोशी, म्हणजे ताजिरींचेच. बाहेरच्या देशांत तो अ‍ॅश झाला. त्याचा पिकाचू पहिल्याच भागात हट्टी, मालकाचे न ऐकणारा, पकडून ठेवण्याच्या चेंडूत शिरायला साफ नकार देणारा असा दाखवला. बाकीचे प्राणी चेंडूत बंद आणि हा एक खांद्यावर बसलेला. पुढारीपणाचे खरे कारण, रंगाहूनही, हे असावे. १२ सप्टेंबर १९९८ रोजी आलेल्या ‘यलो’ आवृत्तीत मग खेळच मालिकेच्या मागे गेला: पिकाचू खेळाडूच्या पाठोपाठ चालू लागला आणि त्याला ‘राइचू’ या पुढच्या रूपात बदलणारा वज्रमणी तो नाकारू लागला.

दुसरे कारण आवाज. इकुए ओतानी या अभिनेत्रीने पहिल्या दिवसापासून पिकाचूला आवाज दिला आणि त्याच्या संवादांत स्वतःच्या नावाच्या तुकड्यांखेरीज दुसरा शब्द जवळपास नाही. राग, रुसवा, भीती, लाड हे सगळे ‘पिका’ आणि ‘चू’ यांच्या चढउतारांतून. त्यामुळे मालिका कुठल्याही भाषेत गेली तरी पिकाचूचा मूळ जपानी आवाज तसाच ठेवता आला. नावाचेही तेच. इंग्रजीत जाताना ‘हितोकागे’चा चार्मँडर झाला, ‘फुशिगिदाने’चा बल्बासॉर, ‘झेनिगामे’चा स्क्वर्टल. पिकाचू पिकाचूच राहिला.

या नावावरून एकदा भाषिक वादही झाला. हाँगकाँगमध्ये कँटनी उच्चारानुसार त्याला ‘बेइकाच्यू’ म्हणत. २०१६ मध्ये सर्व चिनी वाचकांसाठी एकच लेखन ठरवले गेले. ती अक्षरे मँडरिनमध्ये ‘पिकाच्यू’ वाचली जातात, पण कँटनीत ‘पेइकाजाऊ’. मे महिन्यात लोक जपानच्या वाणिज्य दूतावासावर मोर्चा घेऊन गेले. देवनागरीत असा पेच पडत नाही. जपानी उच्चार जवळपास जसाच्या तसा उतरतो.

पिकाचूच्या विजेलाही खेळात काटेकोर नियम आहेत. पाण्यातल्या आणि उडणाऱ्या प्राण्यांवर ती दुपटीने लागते, जमिनीच्या प्राण्यांवर अजिबात नाही. शेतातल्या मोटारीला अर्थिंग करणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही. ‘यलो’मधला पहिला मोठा प्रतिस्पर्धी नेमका दगडामातीचे प्राणी बाळगणारा, त्यामुळे एकट्या पिकाचूवर भिस्त ठेवणारी मुले तिथेच अडकत. प्रत्यक्ष निसर्गात अंगात वीज तयार करणारे प्राणी पाण्यात सापडतात. दक्षिण अमेरिकेतल्या एका विद्युत ईलने ८६० व्होल्ट दाब निर्माण केल्याचे २०१९ मध्ये नोंदवले गेले. उंदरात ती सोय नाही. आणि मराठवाड्यात वळवाच्या दिवसांत माणसे आणि जनावरे विजेने दगावतात, त्यामुळे इथे वीज हा खेळण्याचा विषय नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजेचा इशारा देते. शेतकऱ्याच्या फोनमध्ये पोकेमॉनच्या आधी ते असावे.

पिकाचूची वीज एकदा पडद्याबाहेरही आली. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये दाखवलेल्या अडतिसाव्या भागात पिकाचूने क्षेपणास्त्रांवर वीज सोडली आणि स्फोट दाखवताना लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून पालटून चमकला. झटके, उलट्या आणि चक्कर यांमुळे सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांत बहुतेक मुले होती. मालिका चार महिने बंद राहिली आणि झगमगत्या दृश्यांबाबत जपानी वाहिन्यांनी नियम केले. शिक्षा मात्र भलत्याला झाली. त्या भागाच्या शीर्षकात नाव असलेला ‘पोरिगॉन’ हा प्राणी मालिकेत पुन्हा प्रमुख भूमिकेत आला नाही. वीज सोडणारा पिकाचू पूर्ववत खांद्यावर बसला. दृष्टी आणि पिकाचू यांचे नाते पुढे अधिक चांगल्या कारणाने जुळले. २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डोळ्याच्या पडद्यातले, प्रतिमा झटकन टिपण्याशी संबंधित असे एक प्रथिन सापडले. त्याचे नाव त्यांनी ‘पिकाचुरिन’ ठेवले.

भारतात मालिका २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आली आणि महाराष्ट्रातल्या मुलांपर्यंत ती मुख्यतः हिंदीतून पोचली. केबल जिथवर गेली तिथवर पिकाचू गेला. गेम बॉय मात्र इथल्या घरांत फारसा नव्हताच. त्यामुळे जपानी मुलाच्या दृष्टीने जो आधी खेळ आणि मग कार्टून होता, तो मराठी मुलासाठी आधी कार्टून, मग पोकेमॉनच्या चित्रांचे पत्ते, दप्तर आणि कंपासपेटीवरचे चित्र, आणि खेळ सगळ्यांत शेवटी. गोट्या आणि काडेपेटीचे छाप जमवणाऱ्या मुलांना पत्त्यांची भर नवी नव्हती. स्टेशनरीच्या दुकानातली नकली पत्त्यांची पाकिटे त्याच रांगेत बसली. अस्सल पत्त्यांची दुनिया निराळी. १९९७-९८ मध्ये एका जपानी मासिकाच्या चित्रस्पर्धेतल्या विजेत्यांना निशिदा यांनीच काढलेल्या पिकाचूचा पत्ता बक्षीस मिळाला. असे ३९ पत्ते वाटल्याची नोंद आहे. त्यांतल्या एकाचा २०२१ मध्ये ५२ लाख ७५ हजार डॉलरच्या व्यवहारात हातबदल झाला.

खेळ म्हणून पोकेमॉन भारतात खऱ्या अर्थाने पोचला तो ‘पोकेमॉन गो’मुळे. जुलै २०१६ मध्ये काही देशांत सुरू झालेला हा फोनवरचा खेळ खेळाडूला घराबाहेर काढतो: चालायचे, नकाशावर प्राणी दिसला की पकडायचा, ठरलेल्या थांब्यांवर साहित्य घ्यायचे. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये जिओच्या सहकार्याने आला. जिओची दुकाने त्यात थांबे झाली. त्याआधीच आडवाटेने फोनवर घेऊन लोक तो खेळत होते, आणि सप्टेंबरमध्ये गुजरात उच्च न्यायालयात त्याविरुद्ध जनहित याचिका आली होती. खेळातली ‘अंडी’ पूजास्थानांवर मिळतात, याने भावना दुखावतात, असा त्यातला एक मुद्दा होता. दिवाळीच्या सुमारास ‘दिव्यांचा उत्सव’ नावाचा विशेष कार्यक्रम २०२१ पासून खेळात येऊ लागला. पहिल्या वर्षी त्यात ‘देदेने’ हा पिकाचूचाच विजेरी भाऊबंद नव्याने दाखल झाला. २०२३ मध्ये हा खेळ हिंदीतही आला.

‘पोकेमॉन गो’च्या नकाशाने शहराला झुकते माप दिले. थांब्यांची पहिली यादी हा खेळ बनवणाऱ्या कंपनीच्याच ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळातून आली होती, आणि ती त्या खेळाच्या खेळाडूंनी सुचवलेल्या जागांची होती. खेळाडू मुंबई-पुण्यात जास्त, म्हणून थांबेही तिथेच दाट. खेड्यात थांबा हवा तर तिथल्या खेळाडूनेच छायाचित्रासह जागा सुचवावी लागते आणि इतर खेळाडू ती तपासतात. मंदिर, पुतळा, कमान, वाचनालय, मैदान चालते; खासगी घर आणि शाळेचे आवार चालत नाही. या नियमांत ढोकीसारख्या बाजारपेठेच्या गावातल्या बऱ्याच जागा बसतात आणि तेर तर सहज बसते. पण तेवढी खटपट करणारा मुरलेला खेळाडू गावात असावा लागतो आणि थांबेच नसतील तर खेळाडू मुरत नाही.

पिकाचूपुरती मात्र खेळात एक पळवाट आहे. नव्या खेळाडूसमोर सुरुवातीला तीन प्राणी उभे राहतात आणि त्यांतला एक पकडायचा असतो. एकही न पकडता चालत पुढे जावे. ते तिघे मागे पडतात, थोड्या अंतरावर पुन्हा दिसतात. पुन्हा सोडून चालावे. असे चारेक वेळा केले की त्या तिघांच्या शेजारी चौथा येतो, पिवळा, गालांवर लाल टिकल्या असलेला. त्याला थांबा लागत नाही, बाग लागत नाही. फोनला रेंज असली की पुरते, मग रस्ता मुंबईतला असो की ढोकीच्या शिवारातला.