चितारआळीत थांबा, गोवा कुठे पळून जात नाही

मुंबईहून गोव्याला निघालेल्या बहुतेक गाड्या आता सावंतवाडीत शिरतच नाहीत. झाराप ते पत्रादेवी हा महामार्गाचा नवा रस्ता झाला आणि गाव बाजूला राहिलं. पूर्वी वाट गावातूनच होती. गाडी मोती तलावाच्या काठाने यायची, मंडळी चहाला उतरायची आणि पोरांच्या हट्टापायी एखादा लाकडी घोडा किंवा भातुकलीचा डबा घेतल्याशिवाय पुढे हलायची नाहीत. आजही आंबोलीचा घाट उतरून येणारी कोल्हापूर-बेळगावकडची कुटुंबं बाजारात भेटतात. बाकीच्यांना समुद्र गाठायची घाई असते.

ही घाई महागात पडते असं माझं मत आहे. कोकणात लेकराबाळांसह फिरायचं तर किनारा सकाळी आणि संध्याकाळीच बरा. मधल्या उन्हाच्या वेळेचं काय करायचं, याचं चांगलं उत्तर सावंतवाडीकडे आहे.

चितारआळी हा त्या उत्तराचा मुख्य भाग. चितारी समाजाची ही आळी. दुकानांच्या दर्शनी भागात टोपल्या मांडलेल्या असतात आणि त्यांत आंबे, केळी, वांगी, मिरच्या, फोडलेला फणससुद्धा. सगळं लाकडाचं. सीताफळाचे डोळे आणि कारल्याची खरबरीत पाठ इतकी हुबेहूब, की लहान मूल हमखास चावून बघतं. शेजारी पाट, चौरंग, देव्हारे, पोळपाट-लाटणी, बुद्धिबळाचे पट, पांगुळगाडे. खेळण्यांना पांगाऱ्याचं लाकूड पूर्वापार चालत आलेलं. वजनाला हलकं आणि कोरायला मऊ. भोवऱ्यासारख्या गोल वस्तू चरकावर फिरवतात आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाने लाख वितळते, लाकडावर पसरते आणि तिथेच घट्ट बसते. काम चालू असलेलं एखादं दुकान सापडलं तर मुलांना तिथे उभं करा. भोवरा विकत घेण्याइतकीच तो होताना पाहण्यात मजा आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. याच टोपल्यांच्या शेजारी बाहेरून आलेला प्लास्टिकचा आणि यंत्रावरचा मालही मांडलेला असतो. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण गिऱ्हाईक स्वस्त मागतं. पण ‘हे इथलंच का?’ असं सरळ विचारलं तर सरळ उत्तर मिळतं, असा अनुभव आहे.

आळीतून राजवाडा चालत जाण्याच्या अंतरावर. तांबूस जांभ्या दगडाची ही वास्तू सावंत-भोसले घराण्याची. तिथल्या दरबार हॉलमध्ये सिंहासन आणि जुन्या वस्तू आहेतच, पण खरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे तिथे बसून रंगवले जाणारे गंजिफाचे पत्ते. गोल आकाराच्या या पत्त्यांचा दशावतारी संच 120 पानांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. मासा दिसला की मत्स्य, कासव दिसलं की कूर्म, परशू दिसला की परशुराम. आजीने दशावतार सांगितलेले असतील तर नातवंडं पानं झटपट ओळखतात. दिवसा खेळताना उतारी रामाच्या रंगाची आणि रात्री कृष्णाच्या, हा नियम ऐकून तर ती आणखीच खूश होतात.

ही कला जवळजवळ बुडालीच होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी गावातल्या उरलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना हाताशी धरून पुन्हा उभी केली. सत्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या, पण काम थांबलं नाही. 2024 मध्ये गंजिफाला आणि इथल्या लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. हाताने रंगवलेला पूर्ण संच सगळ्यांच्याच खिशाला झेपेल असं नाही; मग गंजिफाची चित्रं असलेली छोटी वस्तू घ्यावी.

राजवाड्यासमोरच मोती तलाव. 1874 मध्ये बांधलेला, गावाच्या अगदी मधोमध. संध्याकाळी काठावर अर्धं गाव फिरायला येतं. मुलांना पाय मोकळे करायला जगन्नाथराव भोसले उद्यान आहे. आझाद हिंद सेनेतले हे सेनानी याच मुलखातले. दमदार पाय असतील तर पाठीमागचा नरेंद्र डोंगरही चढता येतो, पावसाळ्यात तर जरूर, फक्त जळवांची तयारी ठेवून.

खाऊच्या खरेदीसाठी मंगळवारचा आठवडा बाजार गाठता आला तर उत्तम. कोकम, आगळ, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ, मालवणी मसाला, मे महिन्यात फणसपोळी. पोळी नुसती पिवळीधमक दिसली म्हणून घेऊ नये, वास घेऊन घ्यावी. काजू मोठा हवा की तुकडा, हे घरी काय करणार त्यावर ठरवा; उसळीला ओला काजूगर हवा आणि तो उन्हाळ्याच्या तोंडावरच मिळतो. सुकी मासळी घ्यायची असेल तर ती सगळ्यात शेवटी, नाहीतर उरलेला प्रवास गाडीतले सगळे तुमच्या नावाने शंख करतील.

एवढं करूनही समुद्र हातचा जात नाही. वेंगुर्ला आणि शिरोडा दोन्ही तासाभराच्या आत आहेत, आणि उन्हं कलली की निघालं तरी शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर सूर्यास्ताला पोचता येतं. दुपारी एकनंतर मात्र कोकणातला बाजार झोपतो आणि चार वाजेपर्यंत उठत नाही. तेव्हा चितारआळी एकच्या आतच गाठा, आणि किंमत फार पाडून मागू नका. एका वांग्याला रंगाचे किती हात लागतात ते आधी बघून घ्या.