डब्ल्यूआरएफ सोर्सपासून कंपाइल करताना गाडी नेमकी कुठे अडते?

‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ टाइप केलं की सॉफ्टवेअर बसतं, मग सोर्स कोड डाउनलोड करून कंपाइल करत कशाला बसायचं? वेब किंवा ॲप डेव्हलपमेंट करणाऱ्याला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण हवामानशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्याला पहिल्या महिन्यातच कळतं, की मॉडेल चालवायला शिकण्याआधी ते मशीनवर बसवायला शिकावं लागतं. त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. प्रोजेक्ट सबमिशनची तारीख मात्र पुढे सरकत नाही.

म्हणून आज एकच उदाहरण नीट बघू: डब्ल्यूआरएफ, म्हणजे वेदर रिसर्च अँड फोरकास्टिंग मॉडेल. अमेरिकेतल्या एनसीएआर आणि इतर संस्थांनी मिळून बनवलेलं, मुख्यतः फोर्ट्रानमध्ये लिहिलेलं आणि फुकट मिळणारं हे मॉडेल आपल्याकडेही भरपूर वापरलं जातं. हे एक जमलं की बाकीची बहुतेक वैज्ञानिक सॉफ्टवेअर त्याच पद्धतीने जमतात. (कमांड आणि फाइलची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाकायचं.)

सोर्सपासून करण्याची कारणं साधी आहेत. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या सुपरकॉम्प्युटरवर तुम्हाला लॉगिन मिळतं, सुडो मिळत नाही. जे काही बसवायचं ते स्वतःच्या होम फोल्डरमध्ये. दुसरं म्हणजे संशोधन करणारा माणूस मॉडेलच्या आतल्या कोडमध्ये बदल करतो, त्यामुळे पुन्हा कंपाइल करणं त्याला चुकत नाही. आणि तिसरं कारण फोर्ट्रानचं आहे. खरी डोकेदुखी तिथेच आहे.

आधी साखळी समजून घ्या

डब्ल्यूआरएफ आपलं आउटपुट नेटसीडीएफ या फॉरमॅटमध्ये लिहितं. नेटसीडीएफची चौथी आवृत्ती २००८ मध्ये आली. तिच्या फाइल्स आतून एचडीएफ५ नावाच्या दुसऱ्या लायब्ररीवर उभ्या असतात. एचडीएफ५ला डेटा दाबून छोटा करायला झेडलिब लागते. शिवाय नेटसीडीएफ स्वतः सी भाषेत आहे, आणि फोर्ट्रान प्रोग्रामला तिच्याशी बोलता यावं म्हणून नेटसीडीएफ-फोर्ट्रान नावाचं वेगळं पॅकेज आहे. अनेक प्रोसेसरवर काम वाटून द्यायचं तर एमपीआय हवं, म्हणजे एमपिच किंवा ओपन एमपीआय.

म्हणजे क्रम असा: झेडलिब, मग एचडीएफ५, मग नेटसीडीएफ-सी, मग नेटसीडीएफ-फोर्ट्रान, आणि शेवटी डब्ल्यूआरएफ. एमपीआय डब्ल्यूआरएफच्या आधी कधीही चालेल. हा क्रम कागदावर लिहून समोर चिकटवा. मधली एखादी पायरी पुन्हा करावी लागली तर तिच्या पुढच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा करायच्या. इथे आळस केला की नंतर दुप्पट वेळ जातो.

एकच कंपायलर, वरपासून खालपर्यंत

फोर्ट्रानमध्ये लायब्ररी कंपाइल केली की ‘.मॉड’ नावाच्या फाइल्स तयार होतात. आत कोणती फंक्शन्स आहेत, त्यांना काय द्यायचं, याची माहिती त्यांत असते. अडचण अशी, की या फाइल्सचा कुठलाही प्रमाणित फॉरमॅट नाही. इंटेलच्या कंपायलरची मॉड फाइल जीफोर्ट्रानला वाचता येत नाही. एवढंच नाही, जीफोर्ट्रान ७ ने बनवलेली फाइल जीफोर्ट्रान ८ लाही चालत नाही, कारण मध्ये फॉरमॅट बदलला. मिक्सरच्या भांड्यासारखं आहे हे. एका कंपनीचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाहीच, पण कधीकधी त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलवरही बसत नाही.

सी लायब्ररीच्या बाबतीत हा त्रास फारसा होत नाही. म्हणून क्लस्टरवर आधीच असलेली झेडलिब बिनधास्त वापरा, पण नेटसीडीएफ-फोर्ट्रान आणि एमपीआय त्याच कंपायलरने बनलेले आहेत ना हे तपासा. ‘एमपीआयएफ९०’ हा खरा कंपायलर नाही, वरचा मुखवटा आहे. त्याला ‘--व्हर्जन’ विचारलं की आत कोण बसलंय ते तो सांगतो.

आता जुनं सॉफ्टवेअर आणि नवा कंपायलर एकत्र आले की काय होतं तेही ऐका. २०२० मध्ये जीसीसी १० आला आणि जीफोर्ट्रान कडक झाला. एकाच फंक्शनला एकदा इंटिजर आणि एकदा रिअल दिलं तर आधी तो इशारा देऊन सोडायचा, आता एरर देऊन थांबतो. जुन्या वैज्ञानिक कोडमध्ये हा प्रकार सर्रास आहे. त्यामुळे एमपिचच्या जुन्या आवृत्त्या कॉन्फिगर होतानाच अडतात. उपाय: एफफ्लॅग्ज आणि एफसीफ्लॅग्ज या दोन्ही व्हेरिएबल्समध्ये ‘-एफअलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा पर्याय टाका. त्यापेक्षा सोपं म्हणजे लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या.

प्रत्यक्ष काम

प्रत्येक लायब्ररीचे टप्पे तेच: कॉन्फिगर, मेक, मेक चेक, मेक इन्स्टॉल. कॉन्फिगरला ‘--प्रिफिक्स’ देऊन तुमच्या होममधला एक फोल्डर सांगायचा, आणि सगळ्यांना तोच सांगायचा. डब्ल्यूआरएफला नेटसीडीएफचे सी आणि फोर्ट्रान हे दोन्ही भाग एकाच फोल्डरखाली सापडावे लागतात. उबंटूचं पॅकेज वापरून ‘नेटसीडीएफ’ व्हेरिएबलमध्ये ‘/यूएसआर’ लिहिणारे इथेच फसतात, कारण उबंटू लायब्ररी फाइल्स आणखी आतल्या, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो.

नेटसीडीएफ-सी कॉन्फिगर करताना एचडीएफ५ कुठे आहे हे त्याला दोनदा सांगावं लागतं. सीपीपीफ्लॅग्जमध्ये ‘-आय’ लावून हेडर फाइल्सचा पत्ता, एलडीफ्लॅग्जमध्ये ‘-एल’ लावून लायब्ररीचा. तरीही ‘एचडीएफ५ सापडत नाही’ असं आलं, तर लगेच एचडीएफ५ पुन्हा कंपाइल करायला धावू नका. त्याच फोल्डरमधली ‘कॉन्फिग.लॉग’ उघडा. कॉन्फिगर प्रत्यक्षात एक चिमुकला प्रोग्राम कंपाइल करून बघतं. तो का फसला याची मूळ ओळ त्या लॉगमध्ये असते. बऱ्याचदा एचडीएफ५ जागेवर असते आणि न सापडलेली गोष्ट असते झेडलिब. कर्लवरून एरर आला आणि तुम्हाला इंटरनेटवरून थेट डेटा वाचायचा नसेल, तर ‘--डिसेबल-डॅप’ द्या आणि पुढे चला.

मेक चेक गाळू नका. वेळ खातं, पण लायब्ररी बिघडलेली आहे हे इथे कळलेलं बरं.

एरर तीन प्रकारचे

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखी गोष्ट हीच. एरर कुठल्या टप्प्यावर आला ते ओळखलं की निम्मं काम झालं.

हेडर किंवा मॉड फाइल सापडत नाही, अशी तक्रार कंपाइल होताना येते. म्हणजे ‘-आय’चा पत्ता चुकलाय, नाहीतर मॉड फाइल दुसऱ्या कंपायलरची आहे.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ लिंक करताना येतो. कोड कंपाइल झाला, पण फंक्शनचं खरं शरीर कुठल्याच लायब्ररीत मिळालं नाही. कोणतं नाव सापडत नाहीये ते वाचा. ‘एनएफ_ओपन_’ असं शेवटी अंडरस्कोर असलेलं नाव दिसलं, तर ते फोर्ट्रानचं आहे, म्हणजे नेटसीडीएफ-फोर्ट्रान जोडलेली नाही. ‘इन्फ्लेट’ दिसलं तर झेडलिब राहिली. स्टॅटिक लायब्ररी असतील तर क्रमही महत्त्वाचा, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. ज्याला गरज आहे तो आधी, जो गरज भागवतो तो नंतर: नेटसीडीएफ-फोर्ट्रान, नेटसीडीएफ-सी, एचडीएफ५, झेडलिब. म्हणजे बांधण्याच्या क्रमाच्या बरोब्बर उलटा.

तिसरा प्रकार प्रोग्राम चालवताना येतो: ‘शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही’. कंपाइल सगळं व्यवस्थित झालंय, फक्त चालताना ‘.एसओ’ फाइल कुठे शोधायची हे सिस्टीमला माहीत नाही. ‘एलडीडी’ कमांडला प्रोग्रामचं नाव दिलं की कोणती लायब्ररी मिळाली आणि कोणती नाही याची यादी येते. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्ये फोल्डर टाकला की काम होतं, पण ही ओळ जॉब स्क्रिप्टमध्येही हवी. मला तरी लिंक करतानाच ‘आरपाथ’ देऊन पत्ता प्रोग्राममध्ये कोरून टाकणं जास्त आवडतं. मग विसरायचा प्रश्नच येत नाही.

इथे कोंडाचा वेगळा उल्लेख करायला हवा. पायथॉनसाठी बसवलेलं कोंडा टर्मिनल उघडल्याबरोबर आपोआप सुरू होत असेल, तर पाथमध्ये त्याचा फोल्डर पहिला असतो. कोंडाच्या पर्यावरणात नेटसीडीएफ असेल तर ‘एनसी-कॉन्फिग’ विचारल्यावर तिचाच पत्ता येतो, आणि अर्धी लायब्ररी तुमची, अर्धी कोंडाची अशी खिचडी होते. कंपाइल करण्यापूर्वी कोंडा डीॲक्टिव्हेट करा आणि ‘विच’ने खात्री करा.

आता डब्ल्यूआरएफ

इथे कॉन्फिगर आकड्यांचा मेनू दाखवतं. जीफोर्ट्रान आणि एमपीआयसाठी ‘डीएमपार’ लिहिलेला पर्याय निवडा, नेस्टिंगला १. मग ‘कंपाइल ईएम_रिअल’, आणि आउटपुट लॉग फाइलमध्ये वळवा. साध्या मशीनवर अर्धा-एक तास धरून चला.

यात एक फसवणूक आहे. मध्ये एरर आला तरी कंपाइल स्क्रिप्ट बऱ्याचदा थांबत नाही, पुढे जातच राहते. शेवटच्या ओळीतला एरर हा फक्त परिणाम असतो. लॉगमध्ये वरून खाली ‘एरर’ शोधायचं आणि पहिला सापडेल तो धरायचा. यश मोजायची खूण एकच: मेन फोल्डरमध्ये ‘डब्ल्यूआरएफ.ईएक्सई’ आणि ‘रिअल.ईएक्सई’ तयार झाल्या का. पुन्हा करायचं झालं तर आधी ‘क्लीन -ए’ चालवा, आणि त्याआधी ‘कॉन्फिगर.डब्ल्यूआरएफ’ची कॉपी बाजूला ठेवा. त्या फाइलमध्ये कंपायलर आणि सगळे फ्लॅग्ज लिहिलेले असतात. कंपायलर किंवा ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की दशांश आकडेमोडीत बारीक फरक पडतो, आणि हवामानाच्या मॉडेलमध्ये तो तासागणिक वाढत जातो. सहा महिन्यांनी गाइडने ‘हा रन पुन्हा करून दाखव’ म्हटलं तर ती फाइलच कामाला येते.

क्लस्टरवर आणखी एक घोळ होतो. लॉगिन नोडवर ‘-मार्च=नेटिव्ह’ देऊन कंपाइल केलं आणि कंप्युट नोडचा प्रोसेसर जुना निघाला, तर ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून जॉब सुरू होताक्षणी मरतो. कंप्युट नोडवर इंटरॅक्टिव्ह जॉब घेऊन तिथेच कंपाइल करणं हा सरळ मार्ग. आणि सगळं नीट बसूनही पहिल्याच मिनिटात ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आला, तर आधी जॉब स्क्रिप्टमध्ये ‘यूलिमिट -एस अनलिमिटेड’ टाकून बघा. फोर्ट्रानचे मोठे ॲरे स्टॅकमध्ये जातात आणि ठरलेली मर्यादा त्यांना पुरत नाही.

हे सगळं आपोआप करणारी साधनंही आहेत. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून आलेलं स्पॅक आणि बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातून आलेलं ईझीबिल्ड ही त्यांतली दोन मोठी नावं. ती साखळी स्वतः सोडवतात आणि होम फोल्डरमध्येही चालतात. मात्र त्यांचा एरर वाचायलाही वरचे तीन प्रकार माहीत असावे लागतात.

डब्ल्यूआरएफ झालं की मगच डब्ल्यूपीएसला हात लावा. ते डब्ल्यूआरएफच्या बनलेल्या फाइल्स वापरतं, आणि ग्रिब२ डेटा वाचायला त्याला जॅस्पर आणि लिबपीएनजी लागतात. त्याही त्याच प्रिफिक्समध्ये टाकून द्या.