नागपुरात पाहुणे म्हणून गेलात तर काय खाल, कुठे खाल?

नागपूर म्हटलं की संत्री आणि झणझणीत सावजी मटण, एवढंच बाहेरच्या माणसाला आठवतं. लग्नाला, उर्सला किंवा कामानिमित्त आलेले पाहुणेही बहुतेक वेळा स्टेशनजवळच्या हॉटेलात जेवून परत जातात. पण एक पूर्ण दिवस हातात असेल, तर या शहराची ओळख ताटातूनच होते. मुस्लिम प्रवाशासाठी काय हलाल आणि काय विचारून घ्यायचं, हेही माहीत असलेलं बरं.

सकाळचा नाश्ता : तर्री पोहे

नागपूरकराची सकाळ तर्री पोह्यांनी होते. साध्या पोह्यांवर काळ्या चण्याचा लालभडक, तिखट रस्सा ओततात. वरून चिवडा आणि कांदा. कस्तुरचंद पार्कजवळची ‘केपी की टपरी’ यासाठी प्रसिद्ध आहे. हा शाकाहारी पदार्थ असल्याने हलालचा प्रश्न येत नाही. तिखटाची सवय नसेल तर ‘तर्री कमी’ असं आधीच सांगा.

त्यानंतर निवांत बसायचं असेल तर सदरमधलं इंडियन कॉफी हाऊस आहे. 1957 मध्ये कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. तीच ही परंपरा.

दोन विणकर समाज, दोन चवी

नागपूरच्या मांसाहारी जेवणामागे हातमाग आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. सावजी जेवण हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातलं. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचं कापड स्वस्त झालं आणि हातमागाचे दिवस फिरले. पुढे अनेक कुटुंबांनी घरातल्या चुलीचाच धंदा केला. दुसरीकडे मोमिनपुरा आणि कामठी इथले मोमीन-अन्सारीही विणकरच. 1857 नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या अनेक घराण्यांनी माग आणि आपल्या खाण्याच्या सवयी दोन्ही सोबत आणल्या.

सावजी हॉटेलात गेलात तर मटण हलाल आहे का, हे सरळ विचारा. त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही. खात्री पटली नाही तर पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा मागवा. मात्र तो मटणाच्या रश्श्यात केलेला नाही ना, हे विचारून घ्या. खसखस, दगडफूल आणि काळ्या मसाल्याची चव त्यातही कळते.

लंबी रोटी मात्र चुकवू नका. सैल भिजवलेली कणीक हातावर लांबवत, उलट्या ठेवलेल्या तापल्या मडक्यावर ही रोटी टाकतात. अनेक वस्त्यांत बायकाच ती करून विकतात. रश्श्यासोबत खावी, उन्हाळ्यात आमरसासोबतही.

संध्याकाळ : मोमिनपुरा

हा भाग रेल्वे स्टेशनपासून जवळच आहे. बिर्याणी, कबाब, नान, खिमा इथे निर्धास्त खाता येतं. बब्बूची बिर्याणी अनेक वर्षांपासून लोकांच्या तोंडी आहे. बेकऱ्यांमधून खारी, टोस्ट, नानखटाई बांधून घ्या. शहरात इतरत्र डिसेंबरमध्ये प्लम केक घेत असाल, तर त्यात रम आहे का ते मात्र विचारा.

रमजानमध्ये तरावीहनंतर हा परिसर सहरीपर्यंत जागा असतो. हलीम, फिरनी, शीरमाल, शेवया, सगळं एका रस्त्यावर. खायला येणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात.

म्हणूनच मार्च 2025 चा फटका मोठा होता. 17 मार्चला, ऐन रमजानमध्ये, महाल भागात हिंसाचार झाला आणि 11 पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. मोमिनपुरा ज्या तहसील ठाण्याखाली येतो, तिथली संचारबंदी 23 मार्चला उठली. या महिन्याच्या रात्रीच्या कमाईवर गाडीवाल्यांचा पुढचा बराच खर्च चालतो. त्यामुळे इथे येऊन जेवणारा प्रत्येक पाहुणा या लोकांसाठी महत्त्वाचा आहे.

ताजाबाद आणि संत्रा बर्फी

उमरेड रोडवरच्या ताजाबादला हजरत बाबा ताजुद्दीन यांच्या दरगाहवर लंगरमध्ये सगळे एकाच रांगेत बसतात. 17 ऑगस्ट 1925 ला बाबांचं निधन झालं. त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यात सन्मानाने ठेवणारे राजे रघुजीराव भोसले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

परतताना संत्रा बर्फी घ्या. ताजी संत्री हवी असतील तर आंबिया बहार नोव्हेंबरपासून, मृग बहार फेब्रुवारीपासून बाजारात येतो. नागपूरकर आंबियापेक्षाही मृगाला जास्त मान देतात की उलट, हे मात्र फळवाल्यालाच विचारा. गप्पाही होतील आणि एखादी फोड चाखायलाही मिळेल.