दाढ तोंडातली, रक्त दंडातलं!

अक्कलदाढ काढायला गेलेल्या माणसाच्या दंडाला डेंटिस्टनं रबरी पट्टा बांधला, की तो हमखास दचकतो. दाढ काढायची तोंडातली, मग सुई हातात कशाला? उत्तर आहे पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन. रुग्णाचं साधारण १० मिलिलिटर रक्त एका नळीत घ्यायचं, ते यंत्रात गरगर फिरवायचं आणि त्यातून निघालेली प्लेटलेट्सनी गच्च भरलेली गुठळी दाढेच्या रिकाम्या खळग्यात बसवायची. बाहेरचं औषध नाही, रसायन नाही. शरीर जखम भरायला जे करतं, तेच इथं घट्ट आणि हव्या त्या जागी करून घेतलेलं असतं. दंतवैद्यकातल्या अलीकडच्या कल्पनांमध्ये मला ही सर्वांत देखणी वाटते.

सगळा खेळ दोन मिनिटांचा

लॅबमध्ये सीबीसीसाठी रक्त देताना ते जांभळ्या टोपणाच्या नळीत जातं. त्या नळीत रक्त गोठू न देणारं रसायन असतं. पीआरएफच्या नळीत मात्र असलं काहीच नसतं. रक्त काचेला लागलं, की गोठायला सुरुवात! म्हणून सुई टोचण्याआधीच सेंट्रिफ्यूज यंत्राचं झाकण उघडून ठेवतात, समोरच्या खाचेत तोल सांभाळायला दुसरी नळी तयार असते. नळ्या सम नसतील, तर एकीत नुसतं पाणी भरतात. रक्त घेतल्यापासून मिनिट-दोन मिनिटांत यंत्र सुरू झालंच पाहिजे. उशीर झाला, तर फायब्रिनचे धागे नळीत कुठंही, कसेही जमतात आणि हाती येतो निरुपयोगी गाळ. मग पुन्हा पट्टा, पुन्हा सुई. पद्धत इतकी सोपी असूनही ती बिघडते ती बहुतेक इथंच.

झाकण उघडल्यावर

मूळ पद्धतीत यंत्र मिनिटाला २७०० फेऱ्यांनी १२ मिनिटं फिरतं. ते थांबलं, की नळीत तीन थर स्पष्ट दिसतात. तळाशी लाल पेशी, वर पिवळसर पाणीदार प्लाझ्मा आणि मधोमध आपली गुठळी. चिमट्यानं ती अलगद वर ओढली, की खरवसाच्या वडीसारखी थरथरत बाहेर येते, खाली लाल शेपूट लोंबत असतं. कात्रीनं ते शेपूट कापतात, पण पार मुळाशी नाही. लाल-पिवळ्याच्या सीमेवरच प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी सर्वांत दाट असतात, म्हणून लालसर किनार मुद्दाम ठेवतात.

पुढचं काम स्टीलच्या छोट्या पेटीचं. आतल्या सच्छिद्र जाळीवर गुठळी ठेवून वरून वजनदार झाकण दाबलं, की पाणी खाली गळतं आणि जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पडदा तयार होतो. तो इतका चिवट असतो, की त्याला टाके घालता येतात. खाली गळलेलं पाणीही फेकत नाहीत. त्यात पेशींना चिकटायला मदत करणारी प्रथिनं असतात, म्हणून हाडाची भुकटी भिजवायला ते वापरतात. खळगा भरायचा असेल, तर पडद्याऐवजी त्याच पेटीतल्या गोल साच्यात गुठळी दाबून बूच बनवतात.

कायद्याच्या कुंपणातून निघालेली वाट

याआधी पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, होतंच. पण त्यात आधी रक्त गोठू नये म्हणून रसायन घालायचं आणि नंतर तेच गोठावं म्हणून कॅल्शियम आणि बऱ्याचदा गाईच्या रक्तातलं थ्रॉम्बिन मिसळायचं, असा दुहेरी खटाटोप. गाईच्या थ्रॉम्बिनमुळे काही रुग्णांच्या शरीरात स्वतःच्याच रक्त गोठवणाऱ्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाल्याचंही आढळलं होतं. फ्रान्समध्ये तर रक्तापासून केलेले पदार्थ पुन्हा शरीरात घालण्यावर कायद्याची बंधनं होती. त्या अडचणीतून फ्रेंच डॉक्टर जोसेफ शुक्रून आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही बिनरसायनाची वाट दाखवली.

न गोठलेलं रक्त कमी पडलं

प्लेटलेट म्हणजे २ ते ३ मायक्रॉनची, केंद्रकही नसलेली चकती. आयुष्य जेमतेम ८ ते १० दिवसांचं. जखम बुजवण्यातलं तिचं काम इटलीतल्या जुलिओ बिझोझेरोनं १८८२ मध्ये मांडलं. पण ती जखम बुजवते एवढंच नाही, तर पेशी वाढवतेही, हे कळायला पुढं नव्वदेक वर्षं गेली. अमेरिकेत रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्नायूपेशींना दोन प्रकारचं खाद्य दिलं. गोठलेल्या रक्तातल्या द्रवावर पेशी भराभर वाढल्या. प्लेटलेट्स काढून टाकलेल्या प्लाझ्माच्या द्रवावर त्यांची वाढ रखडली. फरक प्लेटलेट्सचा होता. गोठताना त्या वाढीचे घटक सोडतात. पीआरएफची गंमत अशी, की हे घटक फायब्रिनच्या जाळीत अडकून राहतात आणि आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस थोडेथोडे झिरपत राहतात.

हळू फिरवा, जास्त मिळवा

शुक्रून आणि जर्मनीतले शाहराम घनाती यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की यंत्राचा वेग कमी केला तर पांढऱ्या पेशी तळाला न जाता गुठळीभर पसरतात. पुढं तर प्लॅस्टिकच्या नळीत मिनिटाला ७०० फेऱ्यांनी फक्त ३ मिनिटं फिरवून द्रवरूप पीआरएफही काढलं गेलं. ते काही मिनिटंच पातळ राहतं, तेवढ्यात सिरिंजमध्ये ओढायचं. हाडाच्या भुकटीवर ते टाकलं, की सुटे कण एकजीव होतात आणि तो गोळा हवा तसा दाबून बसवता येतो. डेंटिस्ट त्याला 'स्टिकी बोन' म्हणतात.

एक सूचना मात्र डॉक्टर मंडळींनाही लागू. नुसता फेऱ्यांचा आकडा सांगून भागत नाही. रक्तावरचा जोर यंत्राच्या चाकाच्या त्रिज्येवरही अवलंबून असतो. वेग दुप्पट केला, तर जोर चौपट होतो. एका दवाखान्यातले २७०० आणि शेजारच्या दवाखान्यातले २७०० वेगवेगळी गुठळी देऊ शकतात.

रक्त पातळ, गुठळी मोठी

हिमोग्लोबिन कमी असलेल्या माणसाची गुठळी बऱ्याचदा मोठी निघते, कारण लाल पेशींनी नळीतली जागा कमी व्यापलेली असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर गुठळी जमायला जास्त वेळ लागतो. म्हणून कुठल्या गोळ्या घेता, हे आधी सांगाच. आणि मनानं त्या बंद तर मुळीच करू नका.

कुठं चालतं, कुठं नाही

खालची अक्कलदाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणकणारं दुखणं म्हणजे ड्राय सॉकेट. खळग्यातली नैसर्गिक गुठळी निघून गेली, की हाड उघडं पडतं. पीआरएफ भरल्यावर हा त्रास आणि दुखणं कमी होतं, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. हिरड्यांच्या आजारात दाताभोवती हाडात पडलेले खोल खड्डे साफ करून त्यात पीआरएफ घातलं, तर नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा निकाल चांगला येतो. हाड झपाट्यानं भरतं, हा दावा मात्र तितका पक्का नाही. खाली सरकलेली हिरडी झाकायची असेल, तर टाळूतून काढलेलं कलमच अजूनही सरस ठरतं. 'पीआरएफ घातलं की सगळं भरून येतं' असं कुणी सांगितलं, तर नेमकं काय भरून येणार, हे विचारून घ्यायला हवं.

तोंडाबाहेरही

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हीच गुठळी कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळपायावरच्या, महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांवर वापरली आहे. जखम साफ करायची, पडदा वर ठेवायचा, पट्टी बांधायची. आठवड्यानं पट्टी सोडून पाहतात आणि गरज असेल तर पुन्हा नवी नळी भरतात.