भट्टी पेटते आणि लगेच विझते तेव्हा

नाचणीची बिस्किटं, नानकटाई, खारी करणाऱ्या बऱ्याच गटांकडे आता ठिणगीने आपोआप पेटणारा गॅसचा ओव्हन आहे. त्याची एक तक्रार आमच्या कानावर सारखी येते. "ताई, बर्नर पेटतो, चार-पाच सेकंद जळतो आणि विझतो. दोन-तीनदा असं झालं की लाल दिवा लागतो." इकडे ट्रे भरून तयार, ऑर्डर संध्याकाळची. दुरुस्तीवाला येतो आणि म्हणतो, बोर्ड गेला, नवीन घाला. कधी बोर्ड खरंच गेलेला असतो. पण एवढा खर्च मान्य करण्याआधी एक सळई बघून घ्यायची.

बर्नरच्या तोंडाशी, ज्योतीत बुडेल अशी एक बारीक सळई असते. तिच्या बुडाशी चिनी मातीची पांढरी नळी आणि मागे एकच वायर. हा ज्योतीचा सेन्सर. जळत्या ज्योतीतून अगदी थोडी वीज वाहते. बोर्ड सळईला वीज देतो, ती ज्योतीतून बर्नरच्या धातूत जाते आणि अर्थिंगच्या वाटेने परत येते. ही वीज मायक्रोअँपिअरमध्ये मोजतात, म्हणजे अँपिअरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-चार. एवढ्यावरून बोर्ड ओळखतो की ज्योत आहे. सळईवर काजळीचा किंवा जळक्या पिठाचा थर बसला की ही वीज अडते. ज्योत आपल्याला दिसते, बोर्डाला कळत नाही, आणि तो गॅस तोडतो.

म्हणून आधी सफाई. ओव्हनचा प्लग काढा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, बर्नर पूर्ण गार होऊ द्या. सेन्सर बहुधा एकाच स्क्रूवर असतो. तो काढून सळई बारीक तारेच्या घासणीने हलक्या हाताने चकचकीत करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. जाड पॉलिश पेपर नको, ओरखड्यांत घाण पुन्हा लवकर धरते. चिनी मातीच्या नळीला तडा असेल तर सफाईचा उपयोग नाही, सेन्सर बदलायचाच. परत बसवताना सळई वाकवू नका, जिथे होती तिथेच ती ज्योतीत यायला हवी.

तरीही विझत असेल तर मल्टीमीटर असलेल्या जाणकाराला बोलवा आणि आपण शेजारी उभं राहा. सळईचं टोक आणि वायर जोडायची जागा यांत वीज जायला हवी. सळई आणि तिची धातूची पट्टी यांत मात्र जाता कामा नये. बर्नरचं अर्थिंगही बघायला सांगा. आपल्याकडे ते सैल असणं नवं नाही, आणि त्यापायी चांगला सेन्सरही फुकट जातो. हे सगळं ठीक निघालं, तर मग बोर्डाचं बोला.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. "सेन्सर काढतो, गॅसचा व्हॉल्व्ह थेट जोडून देतो, मग विझायचं नाव नाही," असं म्हणणारे भेटतात. तसं केल्यावर ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो ओव्हनच्या तळाशी साचतो, आणि पुढच्या ठिणगीला भडका उडतो. ओव्हनसमोर उभी असते ती आपलीच बाई. गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

काही जुन्या ओव्हनना नॉब थोडा वेळ दाबून धरावा लागतो. त्यात सळईऐवजी थर्मोकपल असतं, तांब्याची बारीक नळी व्हॉल्व्हपर्यंत गेलेली दिसते. ते ज्योतीच्या उष्णतेवर चालतं, त्याची तपासणी वेगळी.

नवीन सेन्सर आणायला जाताना जुना सोबत न्या. लांबी आणि वाक तंतोतंत जुळायला हवा. ओव्हनच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबरही वहीत लिहून न्या, दुकानदार पहिला तोच विचारतो.