कुलपाविना हिशेब

कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक सुरू होतो आणि थोड्याच वेळात कोगनोळीचा टोलनाका येतो. फेब्रुवारी 2021 मध्ये महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. टॅग वाचला जातो, दांडी उठते, गाडी निघते. पण पुढच्या एकाच गाडीचा टॅग वाचला गेला नाही, तर मागची अख्खी रांग खोळंबते.

संगणकातही एकामुळे बाकीचे असेच खोळंबतात; मुळात थांबावे का लागते, ते आधी पाहू. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामे शेजारी शेजारी चालतात, त्यांना थ्रेड म्हणतात. समजा, एका मालकाच्या दोन ट्रकांचे टॅग एकाच खात्याला जोडले आहेत. शिल्लक 1000 रुपये. एक ट्रक कोगनोळीला, दुसरा त्याच क्षणी किणीच्या नाक्यावर. टोल 100 धरू. प्रत्येकाचा टोल वेगळा थ्रेड कापतो. दोन्ही थ्रेडनी 1000 वाचले, 100 वजा केले, 900 लिहिले. टोल दोन, वजावट मात्र एकच!

सरळ उपाय म्हणजे लॉक. एकाने खात्याला कुलूप लावायचे, काम उरकून काढायचे, तोवर दुसऱ्याने ताटकळायचे. एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी 1965 मध्ये कितीही थ्रेडसाठी हा प्रश्न सोडवून दाखवला. ताटकळायचे नसेल तर ‘ट्राय-लॉक’ आहे: कुलूप दिसले की लगेच नकार मिळतो आणि थ्रेड दुसऱ्या कामाला लागतो. तरीही किल्लीवालाच मध्ये अडकला, तर खाते बंदच राहते.

मग कुलूपच नको. 1970च्या दशकातील आयबीएमच्या सिस्टिम/370 संगणकांत ‘कंपेअर अँड स्वॅप’ ही आज्ञा होती. ती म्हणते, ‘शिल्लक अजून 1000च असेल, तरच 900 लिही.’ तपासणे आणि लिहिणे यांच्यामध्ये कोणी घुसू शकत नाही. दुसरा ट्रक हरतो, 900 वाचतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि 800 लिहितो. कोणीतरी एक पुढे सरकतोच. एक थ्रेड झोपला म्हणून बाकीचे थांबत नाहीत.

1991 मध्ये मॉरिस हर्लिही यांनी याहून खोल गोष्ट सिद्ध केली: नुसत्या वाचण्या-लिहिण्यावर दोन थ्रेडचेही न थांबता एकमत घडवता येत नाही, या एका आज्ञेने मात्र कितीही थ्रेडचे घडवता येते. या विषयातला हा सर्वांत सुंदर निकाल म्हणावा लागेल.

एक फट मात्र उरते. 1000चे 900 झाले, लगेच रिचार्ज होऊन पुन्हा 1000. मधला बदल आज्ञेला दिसतच नाही. शिल्लकीत त्याने बिघडत नाही, पण स्मृतीतील पत्त्यांच्या बाबतीत तोच जुना पत्ता भलत्याच नव्या नोंदीचा असू शकतो आणि पत्त्यांनी जोडलेली नोंदींची साखळी तुटते. म्हणून पत्त्याला चिकटून बदलाचा क्रमांकही ठेवतात आणि दोन्ही एकाच दमात तपासतात. सिस्टिम/370 मध्ये त्यासाठी दुप्पट रुंदीची वेगळी आज्ञाच दिलेली होती.