शिनोळी की अनगोळ? बिल ऑफ एंट्रीवरचा पत्ता

तैवानहून निघालेली व्हीएमसी मशीन अजून समुद्रात असते, तेवढ्यात सीएचएकडून, म्हणजे कस्टम्स एजंटकडून, चेकलिस्ट येते. बोट बंदराला लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री दाखल व्हावं लागतं, म्हणून त्याचा हा कच्चा मसुदा घाईनेच पुढे सरकतो. बेळगावातल्या अनगोळचा कारखानदार तो मोबाइलवर उघडतो, ड्युटीचा आकडा बघतो आणि ‘ओके’ लिहून पाठवतो. माझी कळकळीची विनंती आहे, आकड्याआधी वरचा कोपरा वाचा. तिथे आयईसी (आयात-निर्यात कोड), त्यापुढे शाखेचा क्रमांक, मग जीएसटी नंबर आणि पत्ता असतो.

हा पत्ता कुणी नव्याने लिहीत नाही. आयईसीमध्ये ज्या शाखा नोंदवल्यात, त्यांतला जो क्रमांक सीएचएने टाकला त्याचा पत्ता आपोआप उमटतो. गेल्या वर्षी नवी शेड घेतली आणि आयईसीत चढवलीच नाही, तर ती इथे दिसणार कुठून? बेळगाव शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावी झालं. त्याआधीच्या आयईसीवर जुनं स्पेलिंग आणि जीएसटीवर नवं, असंही होऊ शकतं. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये आयईसीची माहिती ऑनलाइन पक्की करावीच लागते. तेव्हाच दोन्ही कागद शेजारी ठेवून पत्ते जुळवून घ्यावेत.

आपल्या सीमाभागात खरा घोळ होतो तो जीएसटी नंबरात. समजा, एकाच कंपनीची एक शेड अनगोळला आणि दुसरी चंदगड तालुक्यातल्या शिनोळी एमआयडीसीत. अंतर पंधरा-वीस किलोमीटर, मालक तोच, पॅन तोच, त्यामुळे आयईसीही एकच. पण अनगोळचा जीएसटी नंबर कर्नाटकच्या 29 ने सुरू होतो, शिनोळीचा महाराष्ट्राच्या 27 ने. कायद्याच्या नजरेत या दोन वेगळ्या व्यक्ती. बिल ऑफ एंट्रीवर 27 चा नंबर पडला आणि मशीन अनगोळला उतरली, तर बंदरावर भरलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट शिनोळीच्या खात्यात जमा होतं. मग शिनोळीने अनगोळच्या नावे टॅक्स इन्व्हॉइस काढायचं, पुन्हा आयजीएसटी लावायचा आणि अनगोळने त्याचं क्रेडिट घ्यायचं. पैसे बुडत नाहीत, पण अडकतात. हे इन्व्हॉइस राहून गेलं, तर पुढे नोटिशीला उत्तर देणं जड जातं.

मशीन ईपीसीजी या निर्यात-प्रोत्साहन योजनेखाली ड्युटी न भरता आणली असेल, तर पत्त्याला आणखी वजन येतं. वाचलेल्या ड्युटीच्या 6 पट निर्यात 6 वर्षांत करायची असते आणि मशीन ठरलेल्या जागीच बसवल्याचा दाखला द्यावा लागतो. चार्टर्ड इंजिनिअर त्या शेडमध्ये येऊन मशीनचा सीरियल नंबर कागदाशी ताडून बघतो. कागदावर शिनोळी आणि मशीन अनगोळला, असं असेल तर तो सही कशी करणार?

चूक दुरुस्त होते का? होते. कस्टम्स कायद्याच्या कलम 149 मध्ये तशी सोय आहे. मात्र माल सुटून गेल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर माल सोडवताना अस्तित्वात असलेलाच कागद पुरावा म्हणून चालतो. म्हणून परदेशी विक्रेत्याला ऑर्डर देतानाच तिच्यावर माल पोचवायचा पूर्ण पत्ता लिहा.

बंदराबाहेरचा प्रवास ई-वे बिलावर होतो. त्यात पाठवणाऱ्याच्या जागी परदेश आणि पिन 999999 येतो, पण माल जिथून निघाला तो पत्ता बंदराचा आणि जिथे उतरणार तो शेडचा. न्हावा-शेवा ते बेळगाव सुमारे 500 किलोमीटर, दर 200 ला एक दिवस, म्हणजे मुदत 3 दिवसांची. कोगनोळी नाका ओलांडला की ड्रायव्हरचा फोन येतो, “साहेब, कुठल्या शेडला?” चाळीस फुटी ट्रेलर अनगोळच्या गल्लीत वळत नाही. हायड्रा क्रेन लावून पेटी वाटेत दुसऱ्या गाडीवर चढवायची असेल, तर ती गाडी हलण्याआधी तिचा नंबर ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये चढलेला पाहिजे.